आरसा नको, मूळची झाक हवी

पोर्श ९११ एसला १९६६ साली ‘फुक्स’ची घडीव ॲल्युमिनियमची चाकं आली. पुढच्या कित्येक गाड्यांवर पाकळ्या काळ्या रंगवलेल्या, कडा मात्र ॲनोडाइज केलेली. आज जुनी गाडी सजवताना बरेच हौशी लोक ती कडा घासून अगदी आरसा करतात. मला हे पटत नाही.

रंग वरून दिलेला असतो. उडाला तर पुन्हा देता येतो. ॲनोडायझिंग म्हणजे आम्लात वीज सोडून त्याच धातूवर वाढवलेला थर. तो एकदा काढला की उघडं ॲल्युमिनियम निस्तेज होत जातं, मग बसा पॉलिश करत!

म्हणून पाकळ्या खुशाल रंगवा. कडा शाबूत असेल तर साबण-पाण्याने धुवा आणि सोडून द्या. मंद दिसेल? अहो, ती मुळातच मंद होती! नवं दिसण्याच्या हौसेपायी मूळच पुसू नये.