एका बाईंची तीन नावे

लग्नपत्रिका छापायला देण्याआधी आपल्याकडे घरातली चार माणसे प्रुफे तपासायला बसतात. काकांचे नाव राहिले नाही ना, मामांच्या नावाचे ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना, सगळे पाहिले जाते. हीच माणसे मुलीचा दहावीचा अर्ज भरताना मात्र नाव जसे पडेल तसे पडू देतात. या बेफिकिरीची किंमत वीस-पंचवीस वर्षांनी वसूल होते आणि ती बहुतेक वेळा बाईलाच मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी एक भाची गणित शिकवते. इथल्या शाळांतून बारा वर्षे शिकवल्यावर तिला मस्कतच्या एका शाळेने बोलावले. मुलाखत झाली, नमुन्याचा पाठही झाला. मग कागदपत्रांची यादी आली आणि बाई फाईल घेऊन माझ्याकडे आल्या. सारी नोकरी मी बँकेत सह्या आणि नावे जुळवण्यात घालवली, म्हणून हे काम माझ्याकडे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि मग तिचे व वडिलांचे नाव. बी.एस्सी. आणि बी.एड.च्या पदव्या माहेरच्या नावाने, पण वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एकीवर एक 'ए' तर दुसरीवर दोन. पासपोर्ट सासरच्या नावाने. कादंबरीत एका पात्राला मी अशी तीन नावे दिली असती, तर प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवले असते.

हे कागद कुठकुठून फिरतात तेही पाहण्यासारखे आहे. एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून पूर्वी वकिलातींच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक करार झाला आणि त्याऐवजी एकच प्रमाणपत्र पुरेसे मानावे असे ठरले. त्याला 'अपोस्टिल' म्हणतात. भारताला हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. ओमान २०१२ साली त्यात आला, तर सौदी अरेबिया २०२२ च्या डिसेंबरात. आपल्याकडे पदवीवर आधी राज्य सरकारच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचे साक्षांकन होते आणि मग परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल लावते. जे देश या करारात नाहीत, त्यांच्यासाठी वकिलातीची पायरी अजून आहेच.

आणि हे अपोस्टिल असते तरी काय? किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन आणि त्यात क्रमांक घातलेल्या दहा नोंदी. सही कोणाची, ती कोणत्या अधिकाराने केली, शिक्का कोणाचा, एवढ्यापुरतीच त्याची ग्वाही असते. पदवीत लिहिलेला मजकूर खरा आहे की नाही, यावर ते काही बोलत नाही. पदवीवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई एकच, हेही ते सांगत नाही. ते सिद्ध करायचे काम त्या बाईचे! त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद, आणि त्या प्रत्येकासाठी रजा. भाचीच्या नवऱ्याला यातले काहीही लागले नाही. त्याचे नाव बारशापासून तेच आहे.

कोणी म्हणेल, खोट्या पदव्यांचा सुळसुळाट असताना तपासणी कडक नको का? हवीच. बँकेत आयुष्य काढलेली बाई याला नाही कसे म्हणेल? पण लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. रूढीने एकीचे नाव बदलायचे आणि मग 'ती तूच कशावरून' असे तिलाच विचारायचे, हा न्याय मला पटत नाही.

शाळांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. भाचीच्या जुन्या शाळेने अनुभवाच्या दाखल्यासाठी तिला चार महिने खेटे घालायला लावले. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांना बजावले. शिक्षकाने केलेल्या कामाचा दाखला हाही त्याचा हक्क आहे. तो मेहेरबानी म्हणून देण्याची वस्तू नव्हे.

घरच्या घरी करण्याजोगे बरेच आहे. जन्मदाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आणि बोर्डाचा अर्ज यांवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का ते मूल शाळेत असतानाच पाहावे, शाळा सुटल्यावर ही दुरुस्ती फार जड जाते. मुलांच्या नावात आईचेही नाव लावण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. मला त्याचा आनंद आहे. पण नाव आता चार शब्दांचे झाले, म्हणजे चुकायला एक जागा वाढली, हेही ध्यानात ठेवावे. आणि एजंटाच्या हाती मूळ कागद देताना यादी करून सहीनिशी पोच घ्यावी. हरवलेल्या पदवीची दुसरी प्रत मिळते, पण तोवर परदेशातली शाळा थांबत नाही.

मुलीच्या लग्नात दागिन्यांची यादी आपण दोनदा वाचतो. त्याच बैठकीत तिला एवढे विचारावे : तुझ्या पदवीवर जे नाव आहे, ते पुढे चालवायचे की बदलायचे? उत्तर तिचे तिने द्यावे. बदलणार असेल, तर विवाह नोंदणीपासून पासपोर्टापर्यंतचे सारे कागद त्याच वर्षी मार्गी लावून द्यावेत, आणि त्या कामासाठी तिच्याबरोबर घरातल्या पुरुषांनीही रजा काढावी.