शकुंतलेचे वाफेचे इंजिन : चौथऱ्यावर ठेवले म्हणजे जतन झाले का?

चांदूर बाजारच्या शेजारच्या अचलपुरातून सुटणारी शकुंतला आता बंद आहे. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ हा सुमारे १९० किलोमीटरचा, अडीच फूट रुंदीचा मार्ग पुन्हा सुरू व्हावा, अशी मागणी होत असते. पण मार्ग सुरू झाला तरी जुनी वाफेची इंजिने त्यावर परतणार नाहीत. त्यांच्यासाठी जतन हाच पर्याय उरतो.

या इंजिनाचे महत्त्व काय?

किलिक-निक्सन कंपनीने हा मार्ग वऱ्हाडातला कापूस मुख्य रेल्वेमार्गावर आणण्यासाठी टाकला. तो कापूस मुंबई बंदरातून इंग्लंडपर्यंत जाई. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले झेडडी इंजिन १९२३ पासून इथे धावले. १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. सत्तर वर्षांची वऱ्हाडची कापूसपेठ त्याने ओढली.

जतन करणे म्हणजे काय?

असे इंजिन हलवण्याआधी प्रत्येक भागाची नोंद आणि छायाचित्रे लागतात. उचलताना भार बॉयलरवर न येता सांगाड्यावर यावा लागतो. जुन्या बॉयलरच्या आवरणात अॅस्बेस्टॉस असू शकतो. तो काढणे जाणकारांचेच काम.

नुसते मांडायचे असले तरी धुराडे व इतर तोंडे बंद करावी लागतात. नाहीतर पावसाचे पाणी आत साचून पत्रा आतून गंजतो आणि वरचा रंग चकचकीतच दिसतो. वाफेवर चालवायचे तर बॉयलरची दाबचाचणी, नव्या नळ्या आणि प्रशिक्षित माणसे हवीत.

हे शक्य आहे का?

पतियाळाची मोनोरेल १९२७ मध्ये बंद पडली. तिचे अवशेष १९६२ मध्ये सापडले. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात दुरुस्त झालेले तिचे इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. १८५५ ची ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावली. दोन्हींच्या मागे कारखाना आणि कायमची देखभाल होती.

मग घाई कशाची?

१९९४ मध्ये पंचविशीत असलेला फायरमन आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. कोणता व्हॉल्व्ह कधी अडतो, हे त्याला ठाऊक. क्रेन आणि रंग पुढेही मिळतील, ही माहिती मिळणार नाही. म्हणून चौथऱ्याचे भूमिपूजन करण्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात : वर छप्पर कोण घालणार आणि दरवर्षीचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकातून निघणार.