वर जाणाऱ्याला आधी सांगा

'भाकरीला पैसा नाही आणि चालले आभाळात.' आपली पोरं चहावर हेच बोलतात. खोटं नाही ते. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ सुटायच्या आदल्या दिवशी राल्फ अ‍ॅबरनथी गरिबांना आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीवर धडकला. भुकेचा जाब विचारला. पण चंद्रावर निघालेल्यांच्या जिवासाठी प्रार्थना करायलाही तो कबूल झाला. मला हा माणूस पटतो.

माणसानं वर जावं, असं मी गोदीत माल उचलणारा म्हणतो. १९९० मध्ये हबल दुर्बीण वर सोडली. आरसा चुकीचा घासलेला, चित्रं धूसर. डिसेंबर १९९३ मध्ये माणसं गेली, पाचदा यानाबाहेर पडली, हातांनी नवे भाग बसवले. दुर्बिणीला नजर आली. हाताचं मोल आम्हाला कुणी शिकवायला नको.

पण किंमत? २८ जानेवारी १९८६. चॅलेंजर ७३ सेकंदांत फुटलं. सात मेले. त्यात शाळेत शिकवणारी क्रिस्टा मॅकऑलिफ. थंडीत सांध्यातलं रबर ताठरतं, उडवू नका, असं रॉकेटवाल्या कंपनीचे इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होते. साहेबांनी ऐकलं नाही. आणि जे सात जण त्या आगीवर बसणार होते त्यांना कुणी सांगितलंही नाही.

२००३ मध्ये कोलंबिया. उडतानाच फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. इंजिनिअरांनी पंखाचे फोटो मागितले, वरच्यांनी दिले नाहीत. यानात निरोप गेला, काळजी नको. १ फेब्रुवारीला परतताना सातही गेले, कल्पना चावलासकट.

साला, हे तर आपल्या धक्क्यावरचंच! दोर झिजलाय हे टोळीला दिसतं, बोट सुटायची घाई मुकादमाला. हुकूम सोडणारा बोज्याखाली कधीच उभा नसतो.

म्हणून दोस्तांनो, धोका आहे म्हणून जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. धोका कुणाचा आणि हुकूम कुणाचा, एवढं विचारा. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अवकाश स्थानकावर राहून आले. गगनयानातूनही आपली माणसं पाठवायचं ठरलंय. त्यांना प्रत्येक झिजलेला दोर आधी दाखवा. त्यांचा 'नाही' शेवटचा धरा. हे कागदावर लिहून द्या.

मग ते 'हो' म्हणाले, तर जाऊ देत. मी पाळी बुडवून बघायला येईन.