बोनस हा प्रसाद नव्हे

माउली, वालूरचा पोरगा वाळूजच्या कारखान्यात लागतो. दिवाळीला बोनस हाती पडतो, आणि सेलूच्या गाडीत बसायच्या आधीच तो अर्धा संपलेला असतो. हप्त्यावर नवा मोबाइल, गल्लीला दाखवायला फटाक्यांच्या माळा. कोणी हटकलेच तर उत्तर तयार: "देवाने दिले, अन् दिवाळी वर्षातून एकदाच येते." माझे भांडण या उत्तराशी आहे.

देवावर कशाला ढकलता? तुम्ही बारा महिने पाळ्या केल्या, त्याची ती राहिलेली मजुरी आहे. १९२४ साली मुंबईचे दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार याच बोनससाठी संपावर गेले आणि दोन महिन्यांनी रित्या हाताने परतले. कायदा व्हायला १९६५ उजाडले. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला, म्हणजे हिशेबात धरलेला एक महिन्याचा पगार. ठेकेदाराकडे आहात म्हणून हक्क बुडत नाही, तेव्हा तो नाही म्हणाला तर गप्प बसू नका.

प्रसाद हातावर पडला की तोंडात टाकायचा. मजुरीला मात्र आधीच वाटेकरी असतात. बापाने जूनमध्ये बी-खत उधारीवर उचललेले असते. समजा, वर सावकाराचे पंधरा हजार आहेत, शेकडा तीनने. महिन्याला साडेचारशे, वर्षाला पाच हजार चारशे नुसते व्याज! बोनसमधून जेवढे मुद्दल फिटेल तेवढे व्याज कायमचे थांबते. एवढा नफा कोणती भिशी देते? आणि सोयाबीन मिळेल त्या भावाला घालायची घाई तरी कशापायी होते? दारात उभ्या राहणाऱ्या देणेकऱ्यापायीच ना?

यावर आपल्यातलेच काही महाराज 'पैसा म्हणजे माती' सांगतात आणि बिदागी मात्र मोजून घेतात. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हा दाखलाही देतात. पण ती खते येण्याची होती, देण्याची नव्हती. त्यांनी लोकांना ऋणातून सोडवले, तेही आपल्या वाट्याचीच खते बुडवून. भावाचा वाटा भावाला दिला. स्वतःच्या देण्याकडे पाठ फिरवायला तुकोबांचे नाव कशाला घेता?

सण कोरडा करा, असे मी म्हणत नाही. आईला लुगडे घ्या, बहिणीची ओवाळणी हात आखडून घालू नका. लक्ष्मीपूजनानंतर अकराव्या दिवशी कार्तिकी येते, तिच्या वाटखर्चाचे बाजूला काढा. पण तो 'बिनव्याजी' मोबाइल राहू द्या. फाइलचा खर्च वेगळा लावतात, आणि हप्ते पुढच्या वर्षाच्या पगारात शिरतात. वालूरची चक्राकार बारव बांधणाऱ्यांना पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे ठाऊक होते. आपल्याला दिवाळीचे पैसे हरभऱ्याच्या खुरपणीपर्यंत पुरवायला काय हरकत आहे?

तेव्हा दुकानात शिरण्याआधी घरी फोन लावा आणि देणे किती ते विचारा. बाप आकडा कमी करून सांगेल. आईला वेगळे विचारा.