“चालायचंच” म्हणण्याआधी

गेल्या रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील एक बांधव घरी आले. पालिकेच्या सफाई खात्यात नोकरी, घरात कमावते ते एकटेच. त्यांची मुलगी जन्मापासून एका पायाने अधू आहे. यंदा ती बारावी झाली. कॉलेजला जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि गर्दीच्या वेळी कुबडी घेऊन बसमध्ये चढणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. चहा झाल्यावर ते म्हणाले, “दादा, पोरीला साईडव्हीलची स्कूटर घ्यावी म्हणतो. पण लोक सांगतात, फार कटकटीची गाडी. तुम्ही चौदा वर्षं चालवताय. खरं काय ते सांगा.”

त्यांना जे सांगितले तेच आज या स्तंभात लिहितो आहे. कारण हा प्रश्न अनेक घरांतला आहे.

गाडी कटकटीची आहे, हे आधी कबूल करतो. साधी स्कूटर दोन चाकांसाठी बनवलेली असते. आपण तिच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आडव्या पाईपावर आणखी दोन चाके बसवतो. तिला तोल मिळतो, पण मूळ घडण बदलत नाही. मग लहानमोठ्या गैरसोयी सुरू होतात.

माझ्या गाडीत पेट्रोलचे झाकण सीटखाली आहे. पंपावर प्रत्येक वेळी कुबडी काढा, उतरा, सीट उचला. मागे रांगेतला माणूस हॉर्न वाजवत असतो. गाडीला रिव्हर्स नाही. धडधाकट माणूस पायाने जमीन रेटून गाडी मागे घेतो, मला “भाऊ, जरा मागे ओढा” म्हणावे लागते. दुचाकीवाला खड्ड्याच्या बाजूने निघून जातो, आमची चाके तीन रेषांत चालतात, त्यामुळे एक ना एक चाक खड्ड्यात जातेच. खड्डा नेमका मधल्या चाकाखाली आला तर दोन्ही बाजूची चाके काठावर टेकतात, आणि इंजिनाची ताकद ज्याला मिळते ते मधले चाक जागच्या जागी गरगर फिरते. रस्ता पाणी जाण्यासाठी कडेला उतरता केलेला असतो. दुचाकी त्यावरही सरळ उभी राहते, आमची गाडी मात्र रस्त्याबरोबर डावीकडे कलते आणि हँडलही तिकडेच ओढते. तासाभराने कंबर बोलू लागते. वळणावर दुचाकी आत झुकते, ही झुकत नाही, माणूस बाहेर फेकला जातो. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करायचा आणि अंग आतल्या बाजूला झुकवायचे, हे मी दोनदा घाबरल्यावर शिकलो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. सहा वर्षांपूर्वी नाशिकला बहिणीकडे कार्य होते. कल्याणहून सुमारे सव्वाशे किलोमीटर. रेल्वेने जाता आले असते. पण मला एकदा स्वतःच्या गाडीवर, कोणाच्या आधाराशिवाय बहिणीच्या दारात उतरायचे होते. लहानपणी पोलिओ झाल्यावर आईने मला पाठीवर घेऊन शाळेत पोचवले. ज्याने असे दिवस काढले त्याला या हट्टाचा अर्थ कळेल. सौभाग्यवती मागे बसली आणि आम्ही पहाटे निघालो.

पडघ्याला हायवे लागला. शहापूर गेले, खर्डी आली. तेवढ्यात सौ. म्हणाली, “अहो, डावीकडून कुरकुर आवाज येतोय.” मी म्हणालो, “चालायचंच. या गाडीचा आवाजच तसा आहे.” खोटे नव्हते. कुबडी अडकवायची पट्टी वाजते, चिखल अडवायचे पत्रे वाजतात. या गाडीवर बसणारा माणूस आवाज ऐकायचे सोडूनच देतो.

कसाऱ्याला चहासाठी थांबलो. ती पुन्हा म्हणाली, “अहो, काल हा आवाज नव्हता. तुम्हाला वाकता येत नाही, मी बघते.” पदर खोचून ती खाली वाकली, मोबाईलचा उजेड पाडला. आडवा पाईप जिथे गाडीला जोडला आहे तिथे वेल्डिंगच्या कडेने तांबूस गंजाची बारीक रेघ होती. ती रेघ म्हणजे चीर होती.

जवळच ट्रकचे गॅरेज होते. मिस्त्रीने गुडघ्यावर बसून हात लावला आणि माझ्याकडे पाहिले. म्हणाला, “साहेब, टाका सुटत आलाय. घाटात वळणावर हे चाक गेलं असतं, आणि ताई मागे होत्या.” त्याने बॅटरीची तार काढली, जुने वेल्डिंग घासले, वर लोखंडी पट्टी देऊन पक्का टाका मारला. तासभर गेला. अपंग म्हणून त्याने पैसे सोडले नाहीत, ठरलेले घेतले. मला ते बरे वाटले. घाट आम्ही वीसच्या वेगाने चढलो. त्या वाटेवर मी एक शब्द बोललो नाही.

त्या दिवसापासून मी गाडीच्या तक्रारींचे तीन भाग केले आहेत.

पहिला भाग सोसण्याचा. रस्त्याचा उतार, खड्डे, घाटात धापा टाकणारे इंजिन. हे आपल्या हातात नाही. मी दर तासाला थांबतो, पाठ मोकळी करतो आणि हातात वेळ ठेवून निघतो.

दुसरा भाग थोड्या पैशांत दुरुस्त होणाऱ्या गोष्टींचा. कुबडीच्या पट्टीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, वाजणे बंद झाले. मागे चिखल उडायचा, तिथे रबराचा तुकडा लावला. साईडव्हील बसवताना कारागिराने मागच्या चाकाची जाळी काढून टाकली होती. बायकांच्या साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून ती असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताला पकड, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारी आडकाठी दुचाकीला लागते. मी ती कापून पुन्हा बसवून घेतली. रिव्हर्सची सोयही काही कारागीर करून देतात. मला ते उशिरा कळले, तुम्ही आधीच विचारा.

तिसरा भाग गाडी थांबवण्याचा. नवीन आवाज, सैल नट, एका बाजूला ओढणारा ब्रेक, झिजलेला टायर. माझ्या गाडीत बाजूच्या चाकांना ब्रेक नाहीत. वजन वाढले आणि ब्रेक तेवढेच राहिले, म्हणून गाडी थांबायला जास्त अंतर लागते. या भागातल्या एकाही गोष्टीला “चालायचंच” म्हणायचे नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्याला सोसायची सवय फार लवकर लागते. अपंग माणसाला तर सगळे जग “जरा सांभाळून घे” असेच सांगत असते. सांभाळून घेता घेता कोणती अडचण लहान आणि कोणती जिवावरची, हेच कळेनासे होते. माझ्या घरात ते माझ्या पत्नीला कळले, मला नाही. म्हणून मागे बसणाऱ्याचे ऐका. त्याचे कान अजून निबर झालेले नसतात.

कागदपत्रांचेही सांगतो, कारण तिथेही आपण “चालतंय” म्हणतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांची गाडी म्हणजे खास त्यांच्यासाठीच बांधलेली, नुसती फेरफार केलेली नव्हे, अशी व्याख्या होती. आपण मात्र फेरफार केलेल्याच गाड्या चालवत होतो. २०१९ च्या दुरुस्तीत फेरफार केलेल्या गाडीलाही कायद्यात जागा मिळाली. म्हणून चाके बसवण्याआधी आर.टी.ओ.त चौकशी करा. बदलाची नोंद आर.सी. बुकात करून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नोंद नसेल तर अपघातानंतर भरपाईला अडचण येऊ शकते. लायसन्सही अशाच गाडीचे काढा. अपंगत्वाच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती कायम जवळ असू द्या.

त्या बांधवांना शेवटी एवढेच म्हणालो, “गाडी घ्या. पण कारागिराकडे एकटे जाऊ नका, पोरीला बरोबर न्या. तिला सीटवर बसू द्या. कुबडी कुठल्या हाताने काढते, पाय कुठे ठेवते, ते तिलाच सांगू द्या. वेल्डिंग त्यानंतर.”

काल त्यांचा फोन आला. मुलगी कारागिराकडे दोन तास बसून होती. कुबडीची पट्टी त्याने नेहमीप्रमाणे डावीकडे लावायला घेतली, तेव्हा तिने त्याला थांबवले. “काका, मी उजव्या हाताने काढते. तिकडे लावा.” कारागीर कुरकुरला, पण उजवीकडे लावली.

गाडी पुढच्या आठवड्यात मिळेल.