घरकुल मिळाले, परसदाराचे काय?

१/ तळा म्हटले की इतिहासप्रेमींची नजर तळगडाच्या तटबंदीकडे जाते. आज थोडे खाली, घरांच्या मागे पाहू या. अळू, केळ, शेवगा आणि कोंबड्यांचे खुराडे सामावणाऱ्या परसदारालाही इतिहास आहे. नव्या घरकुलांत मात्र त्याला जागा उरलेली नाही. #थ्रेड

२/ तळ्याजवळ राजपुरी खाडीच्या वर कुडा लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत महाभोजांच्या परिवाराबरोबरच एका मालाकाराचे, म्हणजे फुलमाळ्याचेही दान कोरलेले आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत बागेवर जगणारा माणूस इथे लेणे दान करू शकत होता.

३/ पुढे कोकणात खोती आली. कूळ राबे, जमीन खोताची. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले.

४/ १९४८ च्या मुंबई कूळकायद्यातील एक तरतूद फारशी चर्चिली जात नाही. कुळाला राहत्या घरातून काढता येणार नाही, आणि हे संरक्षण घरालगतच्या, उपभोगास आवश्यक असलेल्या जमिनीलाही मिळेल. शेतमजूर व कारागीरही त्यात आले. घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत, हे कायद्याने मानले.

५/ ब्रिटनमध्ये १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीने सार्वजनिक घरांसाठी ग्रामीण भागात एकरी ८ घरांची मर्यादा सुचवली. एकराचे ४० गुंठे धरले तर रस्त्यांसह घरामागे ५ गुंठे. मजुराने बागेत भाजी पिकवावी, हे त्यात गृहीत होते.

६/ आता आपल्याकडे पाहा. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) किमान २५ चौ. मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौ. फुटांचे घर देते. भूमिहीनांना जागाखरेदीसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. तिची मर्यादा ५०० चौ. फूट. अर्धा गुंठाही नाही!

७/ उरलेल्या सव्वादोनशे फुटांत वाट, न्हाणी आणि शौचालय. मग सांडपाण्यावर अळू आणि केळ कुठे लावायची? पावसाळ्यात दोडक्या-पडवळाचा मांडव कुठे घालायचा? एकीकडे 'उमेद' अभियान 'माझी पोषण परसबाग' मोहीम राबवते, तर दुसरीकडे घरकुलाचा आराखडा परसच नाकारतो.

८/ जमीन महाग आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याची शेती आहे त्याला परस नसला तरी चालते. भूमिहीन कातकरी कुटुंबाला मात्र परसाखेरीज दुसरी जमीनच नसते. ज्याला सर्वाधिक गरज, त्यालाच सर्वांत कमी, हा न्याय उलटा आहे.

९/ म्हणून माझे मत असे: घरकुलाच्या जागेचे माप किमान एक गुंठा असावे. ते अशक्य असेल तिथे वस्तीलगत सामायिक परसबागेची जागा आराखड्यातच राखावी आणि तिच्या वापराचा हक्क घरातील स्त्रीच्या नावे नोंदवावा.

१०/ पुढच्या वेळी तळगड उतरताना एखाद्या घरामागे जरूर डोकावा, अर्थात घरच्यांना विचारून. गडाचे बुरूज जपायला हवेतच. त्यांच्या सावलीतल्या अळवाच्या वाफ्यालाही वारसा म्हणण्याइतकी आपली इतिहासदृष्टी रुंदावली पाहिजे.