आधी इंजिनचं नाव सांगा

आमच्या हुडकेश्वरात कुणी सेकंडहँड बीएमडब्ल्यू किंवा ऑडी आणली की पहिला प्रश्न येतो, "केवढ्यात पडली?" दुसरा, "अॅव्हरेज किती देते?" तिसरा, "दिल्लीची आहे का बे?" गाडीत कोणतं इंजिन आहे हे कुणीच विचारत नाही. फार तर "डिझेल आहे ना, मग झालं" म्हणून विषय संपतो. पंधरा-वीस लाख रुपये म्हणजे माझ्या वयाच्या नोकरदाराची कैक वर्षांची बचत, नाहीतर पुढची पाच वर्षं दर महिन्याला कापला जाणारा हप्ता. ते आपण बोनेटवरच्या लोगोवर आणि पॉलिश मारलेल्या रंगावर लावतो. माझं भांडण या सवयीशी आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे कुणी "सर्व्हर बंद पडला" म्हणाला तर पहिला प्रश्न असतो, व्हर्जन कोणतं? कारण एकाच नावाच्या दोन व्हर्जनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. गाड्यांचंही तसंच आहे. मागच्या झाकणावर लिहिलेलं '३२०डी' हे नाव झालं. व्हर्जन आत, इंजिनच्या कोडमध्ये असतं.

३२०डीचंच उदाहरण घ्या. थ्री सीरिजची एफ३० पिढी भारतात २०१२ मध्ये आली. तिच्या सुरुवातीच्या ३२०डीमध्ये एन४७ नावाचं १८४ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. २०१६ मध्ये फेसलिफ्ट आलं आणि त्याच नावाखाली बी४७ हे १९० हॉर्सपॉवरचं नवं इंजिन बसलं. बाहेरून दोन्ही गाड्या भावंडं वाटतात, जाहिरातीतही दोन्हींचं वर्णन सारखंच असतं. पण एन४७ हे जगभर टायमिंग चेनसाठी बदनाम झालेलं इंजिन आहे, विशेषतः २००७ पासूनच्या पहिल्या काही वर्षांतलं. खालच्या क्रँकशाफ्टची आणि वरच्या व्हॉल्व्हची लय जुळवून ठेवणारी ही साखळी सैल पडली की खुळखुळते, आणि तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच जातं. या इंजिनात ती पुढे नाही, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणजे साखळी स्वस्त असली तरी तिच्यापर्यंत हात पोचायला गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. बिल सुट्या भागाचं कमी आणि मजुरीचं जास्त येतं.

पेट्रोलवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. त्याच काळातल्या ३२८आयमधलं एन२० इंजिन चालवायला मजेदार आहे, पण त्याच्या साखळीला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या कालांतराने कडक होऊन तुटतात. त्यानंतरचं बी४८ बरंच शहाणं निघालं. २००८ नंतरच्या ऑडी ए४मधलं ईए८८८चं दुसऱ्या पिढीचं पेट्रोल इंजिन ऑइल पिण्यासाठी ओळखलं जातं. पिस्टनच्या ऑइल रिंग नीट काम करत नाहीत, चेन टेन्शनरही दगा देतो. तिसऱ्या पिढीत ऑडीने यातलं बरंच दुरुस्त केलं. २०१६ मध्ये आलेल्या नव्या ए४मध्ये तर सुरुवातीला १.४ लिटरचं, साखळीऐवजी बेल्टवर चालणारं वेगळंच इंजिन होतं. म्हणजे "ऑडी ए४ पेट्रोल" या तीन शब्दांत किमान तीन वेगळी नशिबं लपलेली आहेत. आणि आपण विचारतो, सनरूफ आहे का!

"जर्मन इंजिनिअरिंग आहे भाऊ, काही होत नाही," हे वाक्य मला सर्वांत धोकादायक वाटतं. जर्मन इंजिनिअरिंग म्हणजे काही एक अखंड गुण नव्हे. त्यात उत्तम इंजिनं आहेत, फसलेली आहेत आणि खोटं बोलणारीही आहेत. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं ईए१८९ डिझेल चाचणीपुरतं स्वच्छ वागतं हे अमेरिकेत उघड झालं. आपल्या पुण्याच्या एआरएआयनेही चाचण्या केल्या आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. त्यात ऑडी आणि श्कोडाही होत्या. ज्या देशावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, त्याच देशाची ही कहाणी आहे.

आता डिझेलच्या भक्तीकडे येऊ. नागपुरात ती का टिकून आहे ते समजण्यासारखं आहे. आपल्या वडिलांच्या पिढीने पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी दरी पाहिली. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि ती दरी आटली. आता हिशोब मांडू. हुडकेश्वर ते मिहान जाऊन-येऊन आणि अधूनमधून गावाकडे, असे वर्षाला १०,००० किलोमीटर धरा. शहरात पेट्रोल गाडी लिटरला ९ आणि डिझेल १३ किलोमीटर देते असं धरा. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरलं तर पेट्रोलचा खर्च सुमारे १ लाख १५ हजार, डिझेलचा ७० हजार. वर्षाला ४५ हजार वाचले, म्हणजे महिन्याला पावणेचार हजार.

ही बचत खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण तिच्यासमोर काय उभं आहे ते पाहा. जुन्या डिझेलमध्ये इंजेक्टर, टर्बो, ईजीआर व्हॉल्व्ह आणि ती मागची साखळी. लाखाच्या वर जाणारं यातलं एक काम निघालं की दोन-अडीच वर्षांची बचत एका दुपारी संपते. एप्रिल २०२० नंतरचं बीएस६ डिझेल घ्याल तर त्यात काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ आहे. तो साफ व्हायला गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगाने चालावी लागते. मानेवाडा चौक, सिग्नल, पुन्हा सिग्नल, ऑफिस, इंजिन बंद, हे त्याला मानवत नाही. तो तुंबतो.

डिझेल वाईट नाही, ते अंतरासाठी बनलेलं आहे. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढून महिन्यातून चार वेळा संभाजीनगर किंवा मुंबई गाठणाऱ्याने डिझेलच घ्यावं. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि १२०च्या वेगमर्यादेत तासन्तास एकाच लयीत धावणं हे त्या इंजिनाचं माहेर आहे. पण ज्याची गाडी आठवड्यातले पाच दिवस बारा किलोमीटर जाते आणि बारा किलोमीटर येते, त्याने टॉर्कचे आकडे पाठ करून डिझेल घेणं म्हणजे रोज दुधाची पिशवी आणायला ट्रक काढणं आहे.

दिल्लीच्या गाडीचा मोह याच डिझेलला चिकटून येतो. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये त्यात सवलतीही मिळाल्या. पण मधल्या काळात एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली. तिकडे ज्या डिझेलचा काळ संपत आला, ती स्वस्तात इकडे येते. एनओसी, नवी नोंदणी, महाराष्ट्राचा कर हे सगळं जोडल्यावर ती किती स्वस्त उरते हा एक प्रश्न. त्याहून मोठा प्रश्न असा, की आठव्या-नवव्या वर्षी गाडी विकायचीच आहे हे माहीत असलेल्या मालकाने सातव्या वर्षी तिच्यावर किती खर्च केला असेल? ती स्वस्त मिळते याचं कारण तिथेही असू शकतं.

दुसऱ्या टोकाला रीलवाले आहेत. यांच्या लेखी सहा सिलिंडर नसेल तर ती स्पोर्ट्स सेडानच नाही. बीएमडब्ल्यूचं बी५८ हे तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन खरोखर अप्रतिम आहे. टोयोटाला आपल्या सुप्रामध्ये तेच घालावंसं वाटलं, यातच काय ते आलं. भारतात २०२१ मध्ये आलेल्या एम३४०आयमध्ये ते ३८७ हॉर्सपॉवर देतं. परवडत असेल तर जरूर घ्या. पण ज्याला ही गाडी जेमतेम परवडते, त्याला तिचे टायर, ब्रेक आणि विमा परवडत नाही. मग स्वस्त टायर येतात, ऑइल उशिरा बदललं जातं आणि चांगल्या इंजिनाची माती होते. वर रिमॅपची हौस. शंभर-दीडशे तासांच्या सॉफ्टवेअरच्या कामानंतरही आमचा कोड टेस्टिंगशिवाय पुढे जात नाही आणि इथे कुणीतरी लॅपटॉप लावून अर्ध्या तासात पन्नास हॉर्सपॉवर वाढवून देतो! मागच्या मालकाने हे करून पुन्हा मूळ फाइल टाकली असेल तर तुम्हाला ते सहज कळणारही नाही. गिअरबॉक्सला मात्र सगळं लक्षात असतं.

मग माझी निवड काय? शहरात चालणाऱ्या माणसासाठी चार सिलिंडरचं, नव्या पिढीचं पेट्रोल. थ्री सीरिज असेल तर बी४८, म्हणजे साधारण २०१६ नंतरची ३२०आय किंवा ३३०आय. ऑडी असेल तर ईए८८८ची तिसरी पिढी किंवा ते १.४ लिटरचं इंजिन. पळायला पुरेसं आणि दुरुस्त करणारा हात मिळेल इतकं रुळलेलं. ही इंजिनंही निर्दोष नाहीत. ईए८८८मध्ये वॉटर पंपाचं प्लास्टिकचं घर गळतं, बी४८मध्ये कूलंट आणि ऑइलच्या सीलांवर लक्ष ठेवावं लागतं. मे महिन्यात पारा ४५च्या वर जाणाऱ्या गावात प्लास्टिक आणि रबर लवकर म्हातारं होतं, म्हणून इथल्या खरेदीदाराने कूलिंगच्या कामासाठी पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवावेत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप इथेनॉलचा आहे आणि तो टाळता येणार नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं धोरण ज्यांनी सर्वांत हिरिरीने मांडलं, ते नितीन गडकरी आपल्याच शहराचे खासदार आहेत. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज होता. वरच्या हिशोबात ही घट घातली तर पेट्रोलवाल्याचा वर्षाचा खर्च आणखी आठ हजारांच्या आसपास वाढतो. जुन्या गाडीत इंधनाच्या नळ्या आणि सील तपासायला हवेत, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेत असल्याने गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये. एवढं धरूनही कमी धावणाऱ्यासाठी माझं मत बदलत नाही. आठ हजार रुपये आधी मोजता येतात. तुटणारी साखळी आधी मोजता येत नाही.

उरला घरचा आक्षेप: "एवढ्या पैशात नवी कोरी गाडी येते, वॉरंटीसकट." आई-बाबा चुकीचं बोलत नाहीत. पण स्टिअरिंग वळवताना हाताला जे कळतं, वळणावर गाडी जशी बसते, त्याची इच्छा धरणं हा गुन्हा नाही. लोकांना दाखवायला गाडी घेणाऱ्याने नवीच घ्यावी. चालवायला घेणाऱ्याने त्या इच्छेला अभ्यासाची जोड द्यावी, कारण या गाडीची किंमत निम्म्यावर आली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत निम्म्यावर येत नाही.

अभ्यास फार नाही. सतरा अक्षरांचा चासी क्रमांक मागा आणि त्यावरून इंजिनचा कोड काढा. गाडी बघायला जाण्याआधी सांगा, इंजिन थंड असू द्या. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर विचारा, का? पहिल्या काही सेकंदांचा आवाज ऐका, मागचा धूर पाहा. स्कॅनर लावून साठलेले फॉल्ट वाचा आणि वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये नोंदलेले किलोमीटर मीटरशी ताडून पाहा. ऑइल कधी कधी बदललं त्याची बिलं मागा. गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभर चालतं' असं सांगणाऱ्याला सांगा, की ते आठ गिअरचं खोकं बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ते ठरावीक अंतराने बदलायला सांगते. आणि गाडीच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम वेगळी उरत नसेल, तर ती गाडी तुमच्या बजेटची नाही.

विकणारा म्हणेल, "काय एवढं पाहून राहिले भाऊ, गाडी मक्खन आहे." असेलही. तरी आधी इंजिनचं नाव विचारा. ज्याला ते माहीत नाही किंवा सांगायचं नाही, त्याच्या दारातून परत फिरा. गाड्या भरपूर आहेत, आणि हप्ता तुम्हाला भरायचा आहे.